वाय की व्हय

कपाटात लिनक्सची जुनी सीडी सापडली आणि रामनगरचं घर आठवलं. मासिकाबरोबर दोन सीड्या आल्या होत्या. ‘नवख्याला हीच सोपी,’ म्हणत दाजींनी एक माझ्या लॅपटॉपमध्ये बसवायला घातली. आई नुकतीच गेली होती. तिने सांगितलेल्या गोष्टी मी त्यातच टाइप केल्या होत्या आणि त्या उतरवून घ्यायला आत फ्लॉपी शोधत होतो. ‘सगळं पुसायचं का विचारतंय. वाय दाबू की एन?’ दाजी ओरडले. दारातून वडिलांनी, अप्पांनी विचारलं, ‘मला हाक मारली व्हय?’ रस्त्यावरून गोव्याचा ट्रक घरघरत गेला, दाजींना शेवटचं ‘व्हय’ तेवढं ‘वाय’ असं ऐकू आलं आणि त्यांनी ते दाबलं. गोष्टी गेल्या. पुढे अप्पा माझ्यासमोर कधीच ‘व्हय’ म्हणाले नाहीत, परक्यासारखं ‘हो’ म्हणायचे. आज गोष्टींपेक्षा ते ‘हो’च जास्त सलतं.