जुन्या बाजारातला रंधा

जुन्या बाजारात एका बाईंपुढे सागवानी मुठीचा रंधा दिसला. पातं इतकं लखलखीत, की मला संशय आला, चोरीचा तर नसेल?

"कुणाचा हो?"

"माझाच. नवऱ्याचे हात थरथरायला लागल्यावर सुतारकाम मीच केलं. आता उभं राहवत नाही."

माझा विश्वास बसेना. त्यांनी बसल्या बसल्या शेजारच्या फळीवर रंधा मारला. लाकडाची पातळ ढलपी अखंड उलगडत गेली. शरमून मी पाकीट काढलं. पण त्या रंधा देईनात. माझे मऊ तळहात निरखत म्हणाल्या, "तुम्ही सुतार?"

घरी कपाटात तेल लावलेले नऊ रंधे आहेत. माझ्याकडे आल्यापासून एकानंही लाकूड पाहिलेलं नाही.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी रंधा फडक्यात गुंडाळून पाठीमागे ठेवला.