मनीप्लांटला घातलेलं मीठ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा तोंडातून काढलेलं नाही. तुम्हाला सांगते. का — ते मलाही नीट कळत नाही. ऐकून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या.

मी शालन. तिसगावात राहते. बारावी झालेय, आणि त्याचा मला फार माज होता. आमच्या भिंतीला भिंत लागून दत्तूचं घर. दत्तू आणि त्याची बायको संगीता दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्यानंतरच परततात. मागे राहते दत्तूची म्हातारी आई, भागामावशी. जाताना घराची किल्ली, कोंबड्या, म्हातारं माणूस, सगळं शेजारणीच्या हवाली करायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. शेजारीण म्हणजे मी. मावशीची दोन वेळची भाकरी माझ्याच चुलीवरून जायची.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट माझ्या हवाली झाली. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेला मनीप्लांट. दत्तूच्या लेकीनं, पूजानं, शाळेच्या ऑफिसातून एक फांदी मागून आणली होती, तिचा. आदल्या हंगामात पूजा आईबापांबरोबर फडावर गेली आणि उसाच्या ट्रॉलीखाली सापडली. नऊ वर्षांची होती. संगीतानं तिच्या फोटोभोवती सुतळी बांधून तो वेल वर चढवला होता. निघताना ती एवढंच म्हणाली, "वहिनी, बाकी काय बी होऊ द्या, येवढा येल जपा."

जपला का मी? — मला तो जपायचा नव्हताच. मला तो वाढवून दाखवायचा होता. पाडव्याला ते आले की छतापर्यंत पानं दिसावीत आणि गल्लीनं म्हणावं, शालनच्या हाताला गुण आहे. मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ बघितला. मातीत मूठभर मीठ, वर कोमट पाणी, पंधरा दिवसांत दुप्पट पानं. खाली कमेंटमध्ये लोकांनी नुसते हात जोडले होते. मग मी का नाही विश्वास ठेवायचा?

मी मीठ घेऊन गेले, तेव्हा मावशी दारात परगावाहून भेटायला आलेल्या दोन बायकांबरोबर बसलेली. "अगं, मिठानं कुठं झाड जगतं व्हय? येडी का काय तू?" म्हणाली आणि हसली. त्या दोघीही हसल्या. झालं — माझ्या डोक्यात सणक गेली. जिला सही येत नाही ती मला शिकवणार? एक मूठ सांगितली होती, तिथं मी दोन घातल्या. आठवड्यानं आणखी दोन. दुसऱ्या वेळी मला वेल वाढवायचा होता की म्हातारीला खोटं पाडायचं होतं? खरं सांगू, मावशीचंच बरोबर आहे हे तोवर मला कळायला लागलं होतं.

आधी पानांच्या कडा करपल्या, मग देठ काळे पडले. एका दुपारी गेले तर मावशी बादलीपाशी बसून माती धुऊन काढत होती. टँकरच्या पाण्यातून तिच्या वाट्याला आलेला प्यायचा हंडा तिनं निम्मा त्या मातीवर ओतला होता. मला लाज वाटायला हवी होती ना? मला राग आला. मी तिचा दंड धरला आणि ओढली. अशी ओढली की ती उंबऱ्यावर जाऊन आदळली. कोपर फुटलं, रक्त लुगड्यावर उतरलं. मी तिला उठवलं नाही. म्हणाले, "परत हात लावलास किंवा कुणाला बोललीस, तर भाकरी बंद."

हे वाक्य मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

पाडव्यानंतर ते आले. डोक्यावरचं बोचकं खाली न ठेवताच संगीता आत गेली आणि तिनं किंकाळी फोडली. फोटोभोवती नुसती सुतळी उरली होती. दत्तूनं माझ्याकडे बघितलं. उत्तर तयार होतं माझ्याजवळ, कित्येक दिवस घोकलेलं. "मावशी रोज भांड्यांचं साबणाचं खरकटं पाणी ओतायची. मी किती सांगितलं." आमच्याकडे पाण्याचा थेंब वाया घालवत नाहीत, भांडी धुतलेलं पाणी झाडालाच जातं. कुणाला का खोटं वाटावं?

दत्तूनं आईच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग मूठ वळून तोंडावर. "माझी पोर दुसऱ्यांदा मारली तू!" तो ओरडत होता आणि रडत होता, आणि मारत होता. ती खाली पडली तशी त्यानं लाथ घातली. त्याच फुटक्या कोपरावर. संगीता बघत उभी राहिली. अडवलं नाही तिनं. कुठल्या तोंडानं तिला दोष देऊ? मी पदर तोंडाला लावून दारात उभी होते. माणसं धावून आली, त्यांनी दत्तूला मागे खेचलं, आणि तेव्हा — तेव्हा मी पुढं होऊन म्हणाले, "जाऊ दे दत्तूभाऊ, म्हातारं माणूस आहे."

मावशीनं रक्त थुंकलं. त्यात तिचे पुढचे दोन दात होते. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या एका शब्दात माझं सगळं उघडं पडलं असतं. ती बोलली नाही. बरेच महिने मी स्वतःला समजावत होते की तिनं मला माफ केलं. कसली माफी! पुढच्या दिवाळीला लेक पुन्हा फडावर जाणार आणि भाकरी पुन्हा माझ्याच हातची, हे तिला माहीत होतं.

आणि तसंच झालं. दिवाळी झाली, टोळी निघाली. दत्तूनं किल्ली माझ्या हातात दिली. खाली मान घालून म्हणाला, "आता झाडबिड काय न्हाई वहिनी. निस्ती आई हाय. तेवढी बघा." मी मान डोलावली.

आजही दोन्ही वेळा मीच जाते तिच्याकडे. पुढचे दात नाहीत म्हणून भाकरी दुधात कुस्करून देते. ती ताट दोन्ही हातांनी धरते, वर बघत नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, पोटची लेक करणार नाही इतकं शालन करते. मी गप्प ऐकून घेते.