तिसरा अंक लिहिलाच नव्हता

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर फाडून खाल्लंय. सचिवालयातला कारकून मी, सही-शिक्का नसेल तर कशालाच खरं मानत नाही. पण हे माझ्याच घरात, भरदिवसा घडलं... हसायचं तर हसा.

राज्य पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला हलली आणि फायलींबरोबर आम्हीही हललो. टी. टी. नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर — आई, धाकटी बहीण शकू आणि मी. गणपतीचं नाटक लिहायचं काम मंडळाने माझ्या गळ्यात घातलं. खलनायक काही केल्या जमेना. मिशा पिळणारा लिहिला की मलाच हसू यायचं. मग ठरवलं, हा आईलासुद्धा आवडेल असा करायचा. गोडबोल्या, चहाचा कप आधी दुसऱ्यापुढे सरकवणारा. गावी बायको असून इथे दुसरं लग्न जुळवतोय, आणि वर म्हणतो, ‘माझं काय हो, एकटा जीव.’ खोटं बोलताना फक्त डाव्या कानाची पाळी चिमटीत धरायचा. दोन अंक झाले. कुणाला दाखवले नव्हते. कागद ट्रंकेत, किल्ली माझ्या जानव्याला.

त्याच सुमारास आईला बाजारात कुणी पेठे भेटले. नागपूरकडची मराठी कानावर पडली आणि आई त्यांना थेट घरी चहाला घेऊन आली. तेव्हा आमचं सगळ्यांचं असंच होतं — चहूकडे हिंदी-उर्दू, त्यात मराठी बोलणारा दिसला की तो आपला. चौकशी कसली करता! नागपुरात हीच आई कूळ-गाव विचारल्याशिवाय कुणाला पाट मांडत नसे.

पेठ्यांनी कप आधी माझ्यापुढे सरकवला. मी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? त्यांनी डाव्या कानाची पाळी धरली.

“माझं काय हो, एकटा जीव.”

माझा चहा मांडीवर सांडला. वाटलं, शकूने चोरून वाचलं असणार. पण किल्ली तर माझ्या अंगावर! मी पेठ्यांवर डोळा ठेवला. ते रोज यायला लागले. शकू आतल्या खोलीत गुणगुणायची. पुढे साखरपुड्याचं बोलणं निघालं. मी नको म्हटलं, पण कारण काय सांगणार... कानाची पाळी? आई म्हणाली, “बहिणीचं चांगलं होतंय तर तुझ्या का पोटात दुखतं रे?”

शेवटी त्यांनी सांगितलेल्या कचेरीत जाऊन विचारलं. या नावाचा माणूस तिथे कधी नव्हताच. राहण्याचा पत्ता म्हणून सांगितलेल्या जागी कोळशाची वखार. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. जाब विचारायला आम्ही पेठ्यांची वाट पाहिली, पण ते त्या दिवसापासून फिरकलेच नाहीत. मी कचेरीत गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

भामटा होता म्हणा, मीही तेच म्हणतो. पण माझ्या ट्रंकेतलं त्याच्या तोंडी कसं आलं? या वयातही मला त्याचा उलगडा झालेला नाही.

शकूची समजूत पटावी म्हणून मी तिला कागद दाखवले. ती रडली नाही. सगळं वाचून तिने एवढंच विचारलं, “दादा, पुढे याचं काय होणार होतं?”

अजून सुचलं नाही, म्हणालो. खरं तर सगळं डोक्यात तयार होतं. तिसऱ्या अंकात त्याचा त्या मुलीवर खरोखर जीव जडतो, आणि म्हणूनच लग्न न करता तो निघून जातो. शकूला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.