खडकवस्तीचा अर्ज आणि आमचा वेंधळेपणा

विषय : कचेरीत व कचेरीबाहेर वेंधळेपणाने झालेल्या चुकांबाबत.

संदर्भ : १) खडकवस्ती येथील श्रीमती यल्लवा यांचा पाण्याच्या टँकरसाठीचा अर्ज. २) मित्रमंडळींची तोंडी मागणी.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माणूस चुका गोळा करायच्या म्हणून करत नाही. त्या आपोआप साठतात. कचेरीत जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्याला आम्ही रुमाल म्हणतो. एक रुमाल भरला की दुसरा. तीस-बत्तीस वर्षांनी मागे वळून पाहावं तर भिंतभर रुमाल उभे असतात आणि प्रत्येकात आपलाच गाढवपणा नीट गाठ मारून ठेवलेला असतो.

मी टंचाई शाखेचा कारकून होतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी भागात. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे येतंय ते वाचल्यावर तिथल्या लोकांना वाईट वाटेल. खरं तर वाटू नये. ज्यांनी ते सोसलं त्यांनी आम्हाला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो.

सुरुवात फौजीपासून करावी लागेल. फौजी म्हणजे आमचा ड्रायव्हर. साताऱ्याकडचा, पलटणीतून निवृत्त होऊन कचेरीत आलेला. सांगितलेलं काम तो पार पाडायचाच, फक्त कधी कधी दुसऱ्याच माणसाचं पाडायचा.

एकदा तहसीलदार साहेबांच्या सासूबाई रेल्वेनं मिरजेला येणार होत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. साहेबांनी फौजीला खूण सांगितली, हिरवं लुगडं, काळा चष्मा, हातात पिशवी. फौजी जीप घेऊन गेला. स्टेशनच्या फाटकात हिरव्या लुगड्यातली, काळ्या चष्म्यातली, पिशवीवाली म्हातारी बसलेलीच होती. फौजी म्हणाला, "चला आवं, गाडी आलीया." म्हातारी मुकाट उठून बसली.

तीही डोळ्याचंच ऑपरेशन करून निघाली होती. शिबिरवाल्यांनी सांगितलं होतं, फाटकात थांबा, गाडी येईल आणि गावी सोडेल. गाडी आली. मग तक्रार कसली?

साहेबांच्या पत्नी शाळेत शिक्षिका, त्या दुपारी येणार. फौजीनं म्हातारीला साहेबांच्या क्वार्टरमध्ये बसवलं, चहा करून पाजला. साहेब आले ते मोबाईलवर बोलतच. बोलता बोलता वाकून पाया पडले आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. म्हातारीनं तोंडभर आशीर्वाद दिला आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून हातात ठेवला. साहेबांनी फोन ठेवला, कागद उघडला. वर लिहिलं होतं, 'मा. तहसीलदार साहेब यांसी, अर्जदार यल्लवा, राहणार खडकवस्ती.'

तेव्हा कुठं त्यांनी चेहऱ्याकडं पाहिलं.

यल्लवा म्हणाली, "तीन म्हयनं झालं कागद घेऊन हिंडतीया. कचेरीत कुनी भेटंना. आज तूच पाया पडलास लेकरा, आता न्हाई म्हनू नको."

सासूबाई तासाभरानं रिक्षातून उतरल्या. त्या काय बोलल्या, ते दप्तरी नाही.

*

अर्ज साधा होता. गावात टँकर यायचा तो गावच्या विहिरीवर. खडकवस्ती तिथून तीन किलोमीटर, मधे चढ. वस्तीवर मेंढरं राखणाऱ्यांची अकरा घरं. पुरुष मेंढरांमागं लांब गेलेले, पाणी वाहायला बायका आणि म्हाताऱ्या. टँकर वस्तीपर्यंत यावा, एवढीच मागणी. साहेबांनी अर्ज दुसऱ्या दिवशी माझ्याकडं दिला. मी आवकचा शिक्का मारला आणि त्याच शनिवारी तो हरवला.

झालं असं, मी शनिवारी कुंडलला घरी जायचो. एसटीत वाचायला वाचनालयाचं पुस्तक. पुस्तकात खूण म्हणून हाताला लागला तो कागद घातला. रविवारी पुस्तक संपवून परत केलं. सोमवारी कचेरीत अर्ज शोधून शोधून घाम फुटला. यल्लवा बुधवारी चौकशीला आली तेव्हा मी तिला सांगितलं की अर्जावर कार्यवाही सुरू आहे. ते खोटंही नव्हतं. अर्ज फिरतच होता.

पंधरा दिवसांनी टपालानं पाकीट आलं. कुंडलच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पाठवलेलं. आत अर्ज, आणि सोबत त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरातलं पत्र : 'सदर अर्ज पृष्ठ एकशे बेचाळीसवर आढळला. पुस्तक सामान्य आहे, अर्ज चांगला आहे. वस्तीला पाणी द्यावे अशी माझीही शिफारस आहे.'

त्या पत्रालाही मी आवकचा शिक्का मारला आणि सहपत्र म्हणून जोडलं. मुख्याध्यापकांना भेटून आभार मानले तेव्हा ते एवढंच म्हणाले, की ते पुस्तक मी पुन्हा कुणाला वाचायला सुचवू नये.

*

कचेरी अंगात मुरली की घरीही उतरत नाही. एकदा रविवारी दारात गॅसवाला आला. मी पेपर वाचत होतो. त्यानं हाक मारली, मी मान वर न करता म्हणालो, "साहेब नाहीत, सोमवारी या." तोही गेला. सोमवारी मी तालुक्याला. आमच्या हिनं चार दिवस चुलीवर स्वयंपाक केला आणि शनिवारी दार उघडायच्या आधी आतून विचारलं, "अर्ज आणलाय का?"

मुलीच्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. साताऱ्याचे पाहुणे बघायला आले होते. मुलाच्या वडिलांनी बायोडाटा आणि पत्रिका माझ्या हातात दिली. मी खिशातलं पेन काढलं, कोपऱ्यात 'प्राप्त. छाननी करून सादर करावे' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली. हिनं डोळे मिटून घेतले. मला काय झालं ते कळलं तेव्हा कागद परत ओढून घ्यायची सोय नव्हती.

मुलाचे वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, माझ्याकडं पेन मागितलं आणि खाली लिहिलं : 'तपासले. मंजुरीस हरकत नाही.'

तो कागद मुलीनं लॅमिनेट करून ठेवलाय. व्याह्यांचे उपकार मी अजून फेडतोय.

*

पण मूळ विषयाकडं येऊ. अर्ज परत आल्यावर स्थळपाहणी ठरली. वस्तीवर पाण्याची खरीच अडचण आहे का, हे साहेबांनी जाऊन बघायचं. साहेब, मी आणि फौजी जीपनं गेलो.

यल्लवानं घोंगडी अंथरली होती. दारात पाय धुवायला बादली भरून. प्यायला लख्ख घासलेले तांबे. चहा झाला, ज्वारीची भाकरी आणि झुणका झाला, हात धुवायला पुन्हा पाणी. शेजारच्या बायकाही कळशा घेऊन उभ्या, पाहुण्यांना काही कमी पडायला नको. साहेब तृप्त झाले. जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडून शेरा लिहून घेतला आणि सही केली : 'वस्तीवर पाणी पुरेसे दिसून आले. टँकरची तातडीची आवश्यकता वाटत नाही.'

मी लिहिला. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, मला काही वाटलं नाही. सांगतील ते लिहायचं, एवढंच हाताला माहीत.

कचेरीत शेरा वाचला माने आण्णांनी. आण्णा रेकॉर्ड सांभाळायचे, जन्म त्याच भागात गेलेला. त्यांनी कागद खाली ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, ते दोन दिसाचं पानी व्हतं. तुमी येनार म्हनून अकरा घरांनी साठीवलेलं. आंघोळी न्हाई केल्या कुनी."

साहेबांनी शेरा पुन्हा वाचला. सही झालेला शेरा खोडता येत नाही. त्यांनी त्याच्याखाली लिहिलं, 'फेरतपासणी करावी', आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दौऱ्यावर निघाले की पाण्याची बाटली स्वतःची घेऊन जायचे.

*

फेरतपासणीला आम्ही गेलो ते न सांगता. या वेळी भांड्यांचा तळ दिसला. प्रस्ताव चांगला तयार झाला. प्रांतसाहेब कचेरीच्या तपासणीला येणार होते, त्यांच्यापुढं ठेवून तिथल्या तिथं मंजुरी घ्यायची असं ठरलं. आता अर्ज हरवायला नको म्हणून मी फाइल आण्णांच्या ताब्यात दिली. आण्णांनी ती लाल रुमालात बांधली. दुर्दैवानं आण्णांची भाकरीही लाल फडक्यातच यायची.

आदल्या दिवशी आण्णा फाइल सोबत घरी घेऊन गेले, सकाळी पुन्हा एकदा वाचायची म्हणून. सकाळी घाईत निघाले.

प्रांतसाहेब बसले. म्हणाले, टँकरचं प्रकरण दाखवा. आण्णांनी अदबीनं गठ्ठा पुढं ठेवला. प्रांतसाहेबांनी स्वतः गाठ सोडली. आत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक कांदा.

प्रांतसाहेबांनी भाकरी उलटून पाहिली. आण्णा पुटपुटले, "फाइल घरी ऱ्हायली जनू." प्रांतसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. आणखी एक मोडला. दौऱ्यात सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

तपासणी अहवालात त्यांनी लिहिलं : 'अभिलेख सुस्थितीत आढळले.'

आण्णा सायकलवरून धापा टाकत फाइल घेऊन आले तोवर गाडी पुढच्या तालुक्याला गेली होती. मंजुरी राहिली, फाइल पुढच्या तपासणीची वाट बघत कपाटात गेली. यल्लवा त्या दिवशी निकाल ऐकायला कचेरीच्या पायरीवर येऊन बसली होती. आण्णा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांना वाटलं, आता ही बोलेल. तिनं विचारलं, "मग तू दुपारी काय खाल्लंस?" आणि कनवटीची सुपारी काढून दिली.

आण्णा मला म्हणाले, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

पुढं उन्हाळा तापला. जीप बंद पडली आणि फौजीला सरकारी टँकरवर दिलं. त्याच्या खेपांचं लॉगबुक माझ्याकडं यायचं. त्यात गाव, वेळ आणि पाणी मिळाल्याची गावातल्या एका बाईची सही, असे रकाने असतात.

पहिल्याच दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, 'खेप १ : खडकवस्ती (चुकून). खेप २ : गाव.' पहिल्या खेपेपुढं यल्लवाचा अंगठा.

मी फौजीला बोलावलं. तो सावधानमध्ये उभा राहिला. म्हणाला, दोन पाहण्यांना तिकडंच जीप नेली होती, फाट्यावर हात आपसूक वळला. लक्षात आलं तेव्हा वस्ती आली होती, बायका घागरी घेऊन पळत येत होत्या. "भरल्याला टँकर त्यांच्या म्होरून माघारी फिरवायचा? ते काय मला जमलं न्हाई, भाऊसाहेब." मग गावाची खेप त्यानं जेवणाची सुट्टी सोडून वेगळी टाकली.

मी नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागितला. त्यानं दिला, 'सवयीने गाडी वळली.' साहेबांनी त्यावर लिहिलं, 'समज देण्यात आली.'

दुसऱ्या दिवशी लॉगबुकात, 'खेप १ : खडकवस्ती (चुकून).' खुलासा. समज. तिसऱ्या दिवशी पुन्हा चुकून. पुन्हा खुलासा, पुन्हा समज. आठवड्याभरानं मी खुलाशाच्या झेरॉक्स काढून ठेवल्या, फौजी फक्त तारीख घालायचा. साहेब समज देताना त्याला चहा विचारायचे. पहिली चूक खरी होती, हे मी शपथेवर सांगेन. बाकीच्यांबद्दल मी कधी विचारलं नाही.

फौजी निवृत्त होताना नव्या ड्रायव्हरला रस्ता दाखवायला गेला. त्यानं हाच दाखवला.

नंतर टँकरला जीपीएस बसलं. जिल्ह्यातून विचारणा आली, गाडी रोज आठ ते नऊ या वेळेत मंजूर मार्ग सोडून कुठं जाते? साहेब नवे होते. त्यांनी फाइल मागवली, पहिल्या पानापासून वाचली. मुख्याध्यापकांचं पत्र, पाण्याचे दोन शेरे, पानांच्या कडेला आण्णांच्या बोटांचं चटणीचं तेल. उत्तर गेलं : 'सदर वस्तीचा अर्ज या कार्यालयाच्या विचाराधीन आहे.' जिल्ह्याचं समाधान झालं. विचाराधीन गोष्टीबद्दल पुन्हा कुणी विचारत नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा वस्तीवर गेलो. यल्लवाच्या दोन्ही डोळ्यांना आता नीट दिसतं. दारात प्लास्टिकची मोठी टाकी, भरलेली. मी बाटली सोबत नेली होती, ती तिनं काढून घेतली आणि तांब्या पुढं केला. मग विचारलं, "आमच्या अर्जाचं काय झालं, भाऊसाहेब?"

मी सांगितलं, अजून निर्णय नाही. कुणाला तरी सांगून मार्गी लावू का?

ती टाकीकडं बघत म्हणाली, "नगं. लय चांगलं चाललंय."

गेल्या आठवड्यात कचेरीत फोन करून खात्री केली. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.