खंडेनवमीचा नारळ

नारळ माझ्या घरचा होता, हे आधीच सांगून टाकते. उगं एकट्या पंचाक्षरीच्या माथी कामून मारायचं?

पंचाक्षरी आमच्या खजुरीतल्या मोबाईल टॉवरचा राखणदार. सरळ माणूस, पण कोणाला वाईट गोष्ट सांगायची म्हणलं की आज-उद्या करत बसायचा. घरात म्हातारी आई, लिंगम्मा; तो तिला अव्वा म्हणायचा. तिची धाकटी बहीण गंगम्मा मुडबीला. दोघींचेही गुडघे गेलेले, भेट कुठली व्हायला? म्हणून दर सोमवारी दोघी फोनवर भजन म्हणायच्या. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं टाळासकट लगेच पुढली घ्यायची. पण आवाज पोचायलाच उशीर. मग सुरू व्हायचं.

"गंगे, मागं रेंगाळायलीस कामून?"

"तूच पळायलीस अक्का! गाडी चुकायलीय का तुझी?"

शेजारी बसून मी हसून हसून बेजार व्हायचे.

मागल्या गुढीपाडव्याच्या सुमारास कंपनीच्या इंजिनिअरनं टॉवरच्या खोलीत एक डबा बसवला. पंचाक्षरीनं मला समजावलं, "राजूअक्का, दोघींचे आवाज जुळवायचं काम आजवर हैदराबादची मोठी मशीन करायची. जाऊन यायलाच वेळ लागायचा. आता ते हितंच, जवळच्या जवळ. एज कॉम्प्युटिंग म्हणतात त्याला."

"म्हंजे तालुक्याला न जाता गावातच दळण?"

"व्हय, तसंच."

आणि काय सांगू बाई! त्या सोमवारी टाळावर टाळ पडला. लिंगम्मा तर रडलीच. पुढं सहा महिने दोघींचं एकदाही वाजलं न्हाई.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, पाण्याची मोटार, शिवणाची मशीन, सगळ्यांची पूजा. पंचाक्षरी म्हणाला, "ज्या डब्यानं अव्वाला बहीण दिली, त्याचीच पूजा नको?" मीच त्याच्या हातात नारळ दिला. वर शहाणपणानं म्हणलं, "फोड त्याच्यासमोरच, मानानं." त्यानं डबा पुसला, हळदकुंकू लावलं आणि पुढ्यातल्या दगडावर नारळ आपटला. पाणी उडालं ते थेट डब्याच्या जाळीतून आत. फट्ट झालं, डब्यावरचे दिवे विझले.

इंजिनिअर येऊन डबा घेऊन गेला. दुसरा काही आला न्हाई. आवाज परत हैदराबादवरून जायला लागला आणि भांडणं परत आली. आता ती चेष्टेतली नव्हती. लिंगम्मा म्हणायची, "इतके दिवस बरोबर म्हणायची की! आता मुद्दाम करायलीय. माझ्यासंगं म्हणायचं मनच न्हाई तिचं."

मी पंचाक्षरीला म्हणलं, "अरे, डबा जळलाय म्हणून सांग की आईला."

"नवा डबा येऊ दे अक्का, मग सांगतो."

मला तरी तोंड होतं की! पण नारळ माझा. मीही गप्प बसले, मेली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी लिंगम्मानं अर्ध्या भजनात फोन आपटला. "परत लावू नको तिला," म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुडबीहून निरोप आला, गंगम्मा गेली.

माती करून आल्यावर पंचाक्षरीनं आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. नारळ, पाणी, डबा, सगळं. मी दारात उभी. वाटलं, म्हातारी आता शिव्या घालंल, मारंल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं नुसतं विचारलं, "म्हंजे गंगी चुकत नव्हती?"

"न्हाई, अव्वा."

लिंगम्मानं उशाचा फोन काढून त्याच्या हातात दिला. "मग लाव की रे. सांगते तिला."