बोळातला पॉइंट

माझ्या मामाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असतो. कुणाच्या लग्नाला नवाकोरा शर्ट घालून निघाला तरी टेस्टर आधी खिशात जातो, मग रुमाल. त्यामुळे सगळी वस्ती त्याला टेस्टरमामा म्हणते, त्याच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. मामा वायरमन आहे. म्हणजे होता. आता गुडघे बोलायला लागल्यापासून शिडीवर चढणं बंद झालंय, पण खिशातला टेस्टर काही सुटलेला नाही.

कामाच्या बाबतीत मामाचे दोन हट्ट होते. पहिला हट्ट पट्टीचा. भिंतीवरून प्लॅस्टिकची पट्टी मारून तिच्यातून वायर न्यायची, हे त्याला अजिबात खपायचं नाही. भिंत फोडायची, आत पाइप घालायचा, वायर ओढायची, वर प्लास्टर आणि रंग, की आत काही आहे याचा पत्ता लागता कामा नये. "पट्टीच मारायची असेल तर दुसरा माणूस बघा," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. दुसरा हट्ट इस्त्रीचा. इस्त्री एक्स्टेंशन बोर्डावर लावायची नाही म्हणजे नाही. कुठल्याशा घरात तसा बोर्ड वितळून गादी पेटली होती, ती गोष्ट त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवली होती, की गादीच्या खोळीचा रंगसुद्धा आम्हाला पाठ होता.

दोन्ही हट्ट शहाणपणाचेच. पण त्या दोन्हींच्या मध्ये माझी मामी उभी राहिली, ती राहिलीच.

मामाचं घर जुनं, आधीच्या मालकाच्या वेळचं वायरिंग. इस्त्रीला चालेल असा दणकट पॉवर पॉइंट सगळ्या घरात एकच, तोही हॉलमधून मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात. तिथे तो कुणी आणि कशाला काढला होता देव जाणे. बाकीचे पॉइंट पंखा नि टीव्हीपुरते. त्यामुळे मामीचं इस्त्रीचं टेबल बोळात. ते टेबल लावलं की मागे जाणाऱ्याला पोट आत घेऊन, आडवं होऊन सरकावं लागायचं. मामीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ आमच्याकडे.

"तुला हॉलमध्ये खिडकीपाशी झकास पॉइंट काढून देतो," मामा म्हणायचा. "पण सुटा नाही काढणार. एकदाच काय ते सगळ्या घराचं वायरिंग नव्याने करू. भिंती फोडू, रंग काढू. पुन्हा बघायला नको."

हे 'एकदाच' काही उगवलं नाही. दिवसभर लोकांच्या भिंती फोडून आलेला माणूस घरी हातोडीकडे बघायलाही तयार नसायचा. मग कधी मुलांच्या परीक्षा आडव्या आल्या, कधी आजीचं आजारपण, कधी पाहुणे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच. खोटं असतं तर मामीने कधीतरी भांडून तरी घेतलं असतं.

इस्त्रीची वेळ संध्याकाळची. मामाचे कामाचे शर्ट, दोन्ही मुलांचे गणवेश, चादरी, उशांचे अभ्रे. आणि नेमक्या त्याच वेळी हॉल भरायचा. मामाची मुलगी, म्हणजे आमची ताई, तिचा धाकटा भाऊ, शेजारचं कुणी ना कुणी, आणि मागच्या गल्लीतून न चुकता मी. कारण मामा गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. लाइट गेली म्हणून आकांत करणारे आणि मेन स्विच स्वतःच बंद करून बसलेले गृहस्थ. टेस्टर म्हणजे थर्मामीटर समजून काखेत धरायला निघालेली कुणी आजीबाई. मामा उठून उभा राहायचा, कंबरेवर हात ठेवायचा, आणि आम्ही लोळायला लागायचो.

बोळातून आवाज यायचा, "काय झालं? कोण काय म्हणालं?"

"नंतर सांगतो गं!" आमच्यातलं कुणीतरी ओरडायचं.

कधीकधी मामीला राहवायचं नाही. इस्त्री हातात तशीच धरून ती बोळाच्या तोंडाशी यायची. वायर जिथवर पुरेल तिथवर. वायर ताणली गेली की थांबायची. तिथून तिला अर्धाच हॉल दिसत असणार, सोफ्याचा हात आणि आमची पायताणं. तिथे उभी राहून तीही हसायची. कशाला हसतोय हे ठाऊक नसताना, आम्ही हसतोय म्हणून. मग शर्ट वाट बघत असायचा, ती परत आत जायची.

नंतर कुणी सांगायचं नाही. जेवायला बसेपर्यंत गंमत शिळी झालेली असायची आणि दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं. यात कुणाच्या मनात काही वाईट होतं असं नाही. मामीनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. बोळ तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की आम्हाला वाटायचं तिला तिथेच बरं वाटत असेल.

पुढे ताई लग्न होऊन लांब गेली. धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तो तिथलाच झाला. मामाचं काम सुटलं. आणि संध्याकाळी हॉलमध्ये मामा एकटाच बसायला लागला, समोर टीव्ही लावून. मामी मात्र आपल्या वेळेला बोळात. दोन माणसांचे कपडे ते किती असणार! पण ती रुमालांना इस्त्री करायची, फडक्यांना करायची, एकदा तर मी तिला पायपुसण्याला इस्त्री करताना पाहिलं.

"अगं, ये की इकडे," मामा हाक मारायचा.

"इस्त्री चाललीय ना," आतून उत्तर.

एकदा मामा मला म्हणाला, "मला तिची पाठच दिसते गं." एवढंच म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्या आयुष्यात मी मामाला इतकं छोटं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. नकलांना प्रेक्षक उरला नव्हता, आणि उरलेला एकमेव प्रेक्षक भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने संध्याकाळी समोर येऊन बसावं, चार शब्द बोलावेत, एवढंच आता त्याला हवं होतं.

मग तो एक दिवस बिनवायरची इस्त्री घेऊन आला. दुकानात कशाला तरी गेला होता, तिथे दुकानदाराने ती चालवून दाखवली. हातात नुसती इस्त्री, शेपटी नाही, बटण दाबलं की भस्सकन वाफ. मामा हरखून गेला. तो घरी आला तेव्हा योगायोगाने मी तिथेच होते. खोकं उघडताना त्याचे हात लहान मुलासारखे घाईत होते.

"बघ! वायरच नाही! आता सगळ्या घरभर फीर. खिडकीपाशी उभी राहा, सोफ्यावर बस, काय वाटेल ते कर."

मामीने इस्त्री उचलून पाहिली. मागून पाहिली, खालून पाहिली. मग खोक्यातला दुसरा तुकडा बाहेर काढला. "आणि हे काय?"

"ते स्टँड. त्याच्यावर ठेवली की तापते."

"त्याला वायर आहे."

"स्टँडला असणारच ना."

"मग ती कुठे लावायची?"

मामाने बोळाकडे पाहिलं. स्टँडला पॉवर पॉइंट लागतो आणि पॉवर पॉइंट बोळात. जन्मभर विजेत हात घातलेल्या माणसाला हे दुकानात सुचलं नव्हतं. मला हसू आवरेना, आणि मामीलाही. "बोळात लावू," ती म्हणाली, "करून तर बघू."

स्टँड बोळात ठेवला, टेबल खिडकीपाशी आणलं. मामीने टाकीत पाणी भरलं, इस्त्री तापवली आणि तरातरा हॉलमध्ये आली. शर्टाची एक बाही छान झाली. कॉलर निम्मी झाली आणि इस्त्री निवली. वाफेचं बटण दाबलं तर वाफेऐवजी पाण्याचे थेंब शर्टावर टपटप पडले. मामी परत बोळात. तापेपर्यंत उभी. परत हॉलमध्ये. दुसरी बाही. परत बोळात.

"आधी नुसती उभी राहत होते," धापा टाकत ती म्हणाली, "आता चालायलाही लावलंत."

मामाचा चेहरा पडलेला पाहून तिनेच मग खोडी काढली. "एक्स्टेंशन लावा की हो! इथे कोण बघतंय?"

मामा खरंच उठला. कपाटाच्या वरून बोर्ड काढला, हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा वर ठेवून दिला. तेवढं मात्र त्याच्या हातून होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर मामा जमिनीवर बसून भिंतीला ड्रिल मारत होता. बोळातल्या बोर्डापासून खिडकीपर्यंत भिंतीच्या तळाशी पांढरी पट्टी चाललेली.

"पट्टी?" मी म्हणाले.

"पट्टी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

मामीची भाजी शिजायच्या आत काम झालं. नवा पॉइंट, नवा स्विच, जाड वायर, अर्थिंगसकट. टेस्टर लावला, लाल दिवा लागला. मामी झाडू घेऊन प्लास्टरची भुकटी गोळा करायला आली. तिने पट्टीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मामाने उलटून काहीतरी सुनावलं असतं, तो त्यात मागे हटणारा नव्हे. तिला खरोखरच माहीत नव्हतं की ते एवढंच होतं. मामा उरलेली वायर गुंडाळत बसला, चांगली गुंडाळलेली पुन्हा सोडली आणि परत गुंडाळली. मला तिथे थांबवेना. मी काहीतरी निमित्त काढून घरी आले.

त्या संध्याकाळचं पुढचं मामानेच मला सांगितलं, परवा आमची दारावरची बेल दुरुस्त करायला आला तेव्हा. बेलला काही झालेलं नव्हतं हे त्यालाही कळलं असणार. स्टुलावर बसला, टेस्टर हातात फिरवत राहिला.

मामीने खिडकीपाशी टेबल लावलं. तोंड हॉलकडे. मामाने टीव्ही बंद केला आणि सोफ्यावर तिच्या समोर बसला. कपडे चारच होते. ती एक बाही करायची, इस्त्री स्टँडवर ठेवायची, तिच्या दिव्याकडे बघत थांबायची, पुन्हा उचलायची. मामा वाट बघत होता. कशाची, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

शेवटी त्यानेच विचारलं, "बरं वाटतंय ना इथे?"

"हो. उजेड चांगला आहे." मग ती सोफ्याकडे बघत राहिली, मामाच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. "मला उजेड नको होता हो. तेव्हा इथे माणसं होती."

मामा म्हणतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की ती बोळात उभी राहून काय करत होती. ती ऐकत होती. रोज. कान देऊन.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मुलं लहान होती तेव्हाचं. ताई हसता हसता सोफ्यावरून खाली पडली होती. धाकट्याला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. तुम्ही म्हणालात, नंतर सांगतो. काय झालं होतं?"

मामाला आठवेना. त्याने डोकं खाजवलं, डोळे मिटले. काही केल्या आठवेना. आणि मग माझ्या मामाने, ज्याने आयुष्यात कधी कच्चं काम केलं नाही त्याने, दुसरीच एक गोष्ट तीच म्हणून खपवली. मेन स्विचवाल्या गृहस्थाची. गुडघे दुखत असताना उभा राहिला, कंबरेवर हात ठेवून सगळी नक्कल केली. मामी हसली. चांगली हसली, इस्त्री स्टँडवर ठेवून हसली.

मग शर्टाची घडी घालता घालता म्हणाली, "छान होतं. पण हे नव्हतं. त्यात 'चप्पल' होतं. तेवढं मला बोळात ऐकू आलं होतं."

एवढं सांगून मामाने टेस्टर खिशात घातला. मग काढला, परत घातला. आदल्या दिवशी त्याने ताईला फोन केला होता. तिला काही आठवत नाही. धाकटा म्हणाला, मीटिंगमध्ये आहे बाबा, नंतर सांगतो.

"तू होतीस गं तेव्हा," मामा मला म्हणाला. "रोज तर यायचीस. आठवून बघ ना. चप्पल. कुणाच्या तरी चपलेचं काहीतरी."

मी होते. ताई पडलेली मला आठवते. तिला उठवायला गेलेली मीही तिच्या अंगावर पडले, पोट दुखेपर्यंत हसलो, ते आठवतं. बोळाच्या तोंडाशी इस्त्री धरून उभी असलेली, आमच्याकडे बघून हसणारी मामीसुद्धा आठवते. कशाला हसत होतो ते मात्र आठवत नाही.

"नाही आठवत, मामा," मी म्हणाले.