गावंडेबाईंच्या वाटचं ऊन

अकोल्याच्या माणसापुढे उन्हाची तारीफ करू नये. मी अकोल्याची. आमच्याकडे मे महिन्यात लोक उन्हाला शिव्या देत झोपतात आणि उठले की पुन्हा तिथूनच सुरू करतात. त्यामुळे बदली होऊन अमरावतीच्या ऑफिसात हजर झाले त्या दिवशी, भर चैत्रात, डोक्याला पदर गुंडाळून गच्चीवर एका पेटीपाशी उभी असलेली बाई पाहून मी शिपाई देवमनला विचारलं, "ह्याईले काई झालं का गा?"

"त्या गावंडेबाई," देवमन म्हणाला. "वरण शिजवून राहिल्या."

सत्यभामा गावंडे आमच्या आवक-जावक टेबलावरच्या कारकून. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागेतलं. काही वाया जाताना त्यांना पाहवायचं नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर दारातूनच ओरडायच्या, "भुताईले हवा घालून राहिले का रे?" एका बाजूने कोऱ्या कागदांची चळत त्यांच्या टेबलावर कायम असायची. आलेली पाकिटं उलटी करून त्या पुन्हा चिकटवायच्या. एकदा तर साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि खिडकीचा पडदा सारला. "साहेब, बाहेर एवढा उजेड फुकट पडला, अन् तुमी विकतचा जाळून राहिले," म्हणाल्या. त्या दिवसापासून पडदा उघडाच राहिला.

गच्चीवरची ती पेटी म्हणजे सूर्यचूल. तेव्हा सरकारी सवलतीत मिळायच्या, लोक हौसेने आणायचे आणि महिन्याभरात त्यांत जुनी रद्दी भरायचे. बाईंनी मात्र घरची पेटी थेट ऑफिसच्या गच्चीवर आणून ठेवली, कारण दिवसभर त्या ऑफिसात, मग पेटी घरी ठेवून फिरवणार कोण? आतून काळी, वर काचेचं झाकण, झाकणाला आरसा आणि आत काळे रंगवलेले चार डबे. सकाळी आल्या की सही करायच्या आधी त्या डबे लावायच्या. एकात वरण, एकात भात, एकात आलू-वांगे. चौथ्यात कधी शेंगदाणे भाजायला, कधी कोणाला हवं असेल ते. ऊन सरकेल तशी पेटी फिरवावी लागायची, आणि ते काम आपोआप सगळ्या ऑफिसचं झालं. "पेटी फिरवून येतो" म्हणून उठलेला माणूस बिडी ओढूनच खाली यायचा, हे बाईंना ठाऊक होतं. पेटी फिरली म्हणजे झालं.

एकदा एक वानर आलं. अमरावतीत वानरांचं काही नवल नाही, पण हा गडी आरशासमोर बसला तो उठेचना. मान वाकडी करून बघे, दात दाखवे, पुन्हा बघे. देवमन काठी घेऊन धावला तर बाईंनी अडवलं. "राहू दे रे, मुखडा पाहून राहिलं. साहेब बी पायतेत ना फायलीच्या आधी." साहेब मागेच उभे होते. मी जागच्या जागी मेले, पण साहेबच हसत सुटले. मग वानराने काचेला हात लावला, चटका बसला आणि एका उडीत ते निंबावर गेलं. भात मात्र त्या दिवशी मऊ झाला होता, जसा रोज व्हायचा.

त्या वरणाची चव मी कशी सांगू? संथ शिजलेल्या तुरीच्या डाळीला एक गोडी येते, ती घाईच्या कुकरला येत नाही. दुपारी आम्ही सगळे जुन्या फायलींच्या खोलीत गोल बसायचो. पोळ्या घरून आणलेल्या, वरण-भात उन्हाचा. बाई वाढायच्या, कोणाच्या ताटात काही उरलं की डोळे वटारायच्या. जेवण झालं की संत्र्याच्या साली गोळा करून गच्चीवर वाळत घालायच्या, भांडी घासायला आणि उटण्याला. मी तेव्हा कुरकुरायचे, "बाई, तुमच्या पायी कचऱ्याच्या डब्ब्याले काईच खायले भेटत नाई." आज ती कुरकुर करण्यासाठी मी पुन्हा नोकरी धरीन. तशी दुपार मला नंतर कुठेच मिळाली नाही.

आता त्याच गच्चीवर सोलरच्या पाट्या बसल्यात म्हणे. आणि खाली खोल्याखोल्यांत एसी, दिवसाढवळ्या पडदे ओढून दिवे लावलेले. गोल करून कोणी जेवत नाही, ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या टेबलावर. मी निवृत्त झाले तेव्हा मला त्या इमारतीचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

बाई माझ्या आधीच निवृत्त झाल्या होत्या. पेटी मांडीवर घेऊन ऑटोतून घरी गेल्या. नंतर त्यांचे यजमान भगवंतराव वारले, मुलगी लग्न होऊन नागपूरला. मी त्यांच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत घर बांधलं होतं, म्हणून येणं-जाणं राहिलं. रोज सकाळी बाई आपल्या बैठ्या घराच्या गच्चीवर पेटी मांडायच्या. माणूस एकच, डबे मात्र भरलेले. उरलेलं मोलकरणीला, शेजारच्या पोरांना, कधी मला.

मग त्यांच्या दिराचा मुलगा शुभम आला. दक्षिणेकडचा लागून असलेला प्लॉट त्याचा. "काकू, तीन मजले बांधून राहिलो," म्हणाला. बाईंनी आधी आभाळाकडे पाहिलं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, पण थंडीत तो दक्षिणेला कलतो. तीन मजल्यांची सावली दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढपर्यंत त्यांच्या गच्चीवरून हलणार नव्हती. पोरगा वाईट नाही, त्याच्याही ते ध्यानात आलं. "तुमाले इंडक्शन घेऊन देतो, काकू," तो म्हणाला.

"घे बांधून," बाई म्हणाल्या. "ऊन काई माह्या सातबाऱ्यावर नाई."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, महापालिकेत अर्ज टाका, जागा सोडायला लावा, एवढ्यात कशाला मान तुकवता! बाई म्हणाल्या, "त्याच्या पोट्ट्याईले खोल्या पायजेत. माह्या वरणापायी त्याईनं कुठं राहावं?" मग म्हटलं, माझ्या गच्चीवर ठेवा पेटी, दिवसभर ऊन असतं. तर म्हणतात, "अन् रोज तुह्या दारात उभी राहू का? मी काई मागत फिरत नाई." मोर्शीचा ताठा तो. त्यापुढे कोणाचं चाललंय!

शुभमचं घर उभं राहिलं, दिवाळी झाली आणि सावली आली. बाईंनी पेटी गच्चीच्या कोपऱ्यात नेली, मग तिथलंही ऊन गेलं. मग अंगणात, मग फाटकाशी. डाळ अर्धी कच्ची राहू लागली. एके दिवशी भाजी घेऊन येताना पाहते तर पेटी रस्त्याच्या कडेला, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेली गावंडेबाई काठी घेऊन बसलेली. एक कुत्रं ताटकळत उभं. मोटरसायकली धूळ उडवत चाललेल्या, आणि बाई दर गाडीमागे पदराने काच पुसतायत.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. "काय हे बाई? लोक पायतेत! अवो, गॅसवर वीस मिनिटात होते वरण. कावून हा तमाशा?"

बाईंनी काच पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"होते ना वीस मिंटात," त्या म्हणाल्या. "मंग उरलेल्या दिवसाचं काय करू, आरती?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, ही बाई गॅस वाचवते. हातातली पिशवी जड झाली म्हणून मी ती खाली ठेवली. माझा मुलगा पुण्यात, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझंही वरण रोज वीस मिनिटांत होत होतं, आणि मग मी टीव्ही लावून संध्याकाळची वाट पाहत होते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी रस्त्यावर बसून सांगून टाकलं.

माझ्या घरी या, असं म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. म्हणून मी म्हटलं, "बाई, माहा कुकर बिघडला. शिटीच देत नाई. मले पेटीतलं शिकवा. इतकी वर्षं नुसतं खाल्लं मी, लावता एक डब्बा येत नाई."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं त्यांना कळलं असणारच, मला कधी धड खोटं बोलता आलं नाही. पण त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभम पेटी डोक्यावर घेऊन माझ्या गच्चीवर चढला, मागून कठडा धरत बाई. त्यांनी उन्हाकडे पाहून पेटी फिरवली, आरसा वळवला आणि माझा डबा हातात घेऊन आत डोकावल्या.

"बाप्पा! हे वरण हाये का विहीर? उनात एवढं पाणी आटत नाई. काढ अर्धं. अन् फेकू नको, कुंडीत घाल."

मी पाणी कुंडीत घातलं. बाईंनी चारही डबे लावले, झाकण घातलं, सावलीत दोन खुर्च्या ओढल्या आणि एकीवर हात आपटला.

"बस आता," म्हणाल्या. "दुपारपर्यंत वेळ हाये."